नेफूदमध्ये डायनासोर?

महोदय,

कालच्या अंकात सौदी अरेबियातल्या नेफूद वाळवंटातल्या प्राचीन पाऊलखुणांवरचा मजकूर वाचला. विषय घेतलात, आभार. पण सोबत डायनासोरचे चित्र कोणाच्या सुपीक डोक्यातून आले? नेफूदमधल्या अलाथर या आटलेल्या तळ्याच्या जागेचे हे ठसे सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वीचे. डायनासोर त्याच्या साडेसहा कोटी वर्षे आधीच संपले. तिथल्या चिखलात चालले ते हत्ती, घोडे, उंट आणि माणूस. शेकडो ठशांपैकी माणसाचे म्हणून खात्रीने ओळखता आले ते फक्त 7. आणि तुम्ही लिहिलेला तो ‘आटलेला समुद्र’ कुठला, हो? गोड्या पाण्याचे तळे होते ते. तेव्हा पाऊस आजच्यापेक्षा बराच उत्तरेपर्यंत पोचायचा.

मी उमेदीची वर्षे सौदीत रस्त्यांच्या कामावर काढली. कटिंग करताना कधी कधी वाळूखाली पांढरा थर लागे. खडूसारखा हलका, बोट फिरवले की भुगा. सूक्ष्म शैवालांची सिलिकाची कवचे संथ पाण्यात साचून असा थर होतो. त्यात करंगळीच्या नखाएवढे गोगलगाईंचे शंख अख्खेच्या अख्खे मिळत. आमचा फोरमन सगळे डोझरने भरावात लोटायचा.

एका सुट्टीत मूठभर शंख घेऊन आलो आणि पणजीतल्या एका कार्यालयात नेऊन दिले. साहेब म्हणाले, ‘‘गोव्यात शंख आणलेत? मिरामारला कमी पडले?’’ सगळे हसले. हे खाऱ्या पाण्यातले नव्हेत, असे मी सांगत होतो. तोवर चहा आला. पुढच्या सुट्टीत चौकशीला गेलो, तर शंख मनीप्लांटच्या कुंडीत, शोभेला! त्यांत विडीचे थोटूक खोचलेले. परत मागितले तर, ‘‘नोंद कुठे आहे?’’ नोंद काय मी करायची होती?

अशा मंडळींना चार गोष्टी कळाव्यात म्हणून वर्तमानपत्र असते. अलाथरला दगडी हत्यारे मिळाली नाहीत, जनावरांच्या हाडांवर कापल्याचे घावही नाहीत. म्हणजे ती माणसे बहुधा पाण्यापुरती थांबून पुढे गेली. संशोधन 2020 मध्येच प्रसिद्ध झाले आहे, वाचायला सवड होती. जागा नव्हती म्हणावे, तर शेजारी अर्धे पान आमदारसाहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा!

दुरुस्ती छापाल ती आतल्या पानावर निविदांच्या खाली नको. रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तरही अजून आलेले नाही.

— एक जुना वाचक, डिचोली