मी ‘स्किप’ दाबलं

प्रिय विज्या,

सव्वा वर्षानं लिहितोय आणि तेही कामासाठी. काय शिव्या घालायच्यात त्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे घरात आता सगळेच तुझ्या आवाजात बोलतात.

तर, माझ्या कॉम्प्युटरनं वर्षभर जीव नकोसा केला होता. सकाळी बटण दाबायचं, आंघोळ उरकून यायचं, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणं चालूच. डिस्क एक टीबीची आणि काठोकाठ भरलेली. अशी भरत आली की नव्या फाइलला सलग जागा मिळत नाही, मग ती तुकडे करून जिथे फट दिसेल तिथे बसते. पोथीची पानं सुटून घरभर झाली, एक माळ्यावर आणि दुसरं गादीखाली, तर वाचणाऱ्याचं जे होईल तेच डिस्कच्या हेडचं, म्हणजे तिच्यावरचं वाचणाऱ्या टोकाचं, होतं. माझी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही. पण प्रत्येक तुकड्यासाठी हेडनं आधी सरकायचं आणि मग हवी ती जागा खाली येईपर्यंत थांबायचं, असे हजारो तुकडे! विंडोज आपणहून आवराआवर करतं, पण नीट करायला त्याला साधारण १५ टक्के जागा मोकळी लागते. माझ्याकडे चार टक्के होती.

आठवतं, विंडोज ९८ वर डीफ्रॅग, म्हणजे हे तुकडे जुळवायचं काम, लावून त्या रंगीत चौकोनांकडे आपण रात्र रात्र बघत बसायचो? नंदू त्यावर पैजा लावायचा. तू हरायचास आणि चौकोनांवर चिडायचास.

म्हटलं, सगळा माल बाहेरच्या डिस्कवर काढू, डिस्क धुऊन पुसून स्वच्छ करू आणि परत भरू. याच्या दोन तऱ्हा. एक, डिस्कची जशीच्या तशी इमेज घ्यायची. यात काही सुटत नाही, पण परत ओतताना पसाराही जसाच्या तसा येतो, कारण ती नक्कलच असते. दुसरी, फाइली एकेक करून कॉपी करायच्या आणि रिकाम्या डिस्कवर परत आणायच्या. मग त्या एकापाठोपाठ एक, सलग बसतात. मला पसारा नको होता. मी हुशारी करून दुसरी तऱ्हा निवडली. इमेज घेतली असती तर तुला हे पत्र आलंच नसतं.

६०० जीबी, जुनी यूएसबी, सेकंदाला तीसेक एमबी. म्हणजे साडेपाच तास. मी टक लावून बसलो होतो. पहाटे दीड वाजता एक खिडकी उघडली, की अमुक फाइल या डिस्कसाठी फार मोठी आहे. बाहेरची डिस्क कधीकाळी टीव्हीला लावायला म्हणून फॅट ३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट करून ठेवलेली. नाव फॅट, पण एका घासाला चार जीबीच्या वर गिळत नाही. मला वाटलं, कुठलातरी जुना सिनेमा असणार. ‘सगळ्यांसाठी हेच करा’ यावर खूण केली आणि ‘स्किप’ दाबलं. नाव वाचलं नाही रे. झोप आली होती.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फाइलींचा आकडा ताडून बघायला दोन मिनिटं लागली असती. बघितला नाही. डिस्कच्या सी भागावर विंडोज नव्यानं टाकलं. डी हा फाइलींचा भाग फॉरमॅट करताना ‘क्विक’वरची खूण काढून टाकली, म्हटलं होऊ दे एकदाचं नीट. तू नेहमी म्हणतोस ना, की मी गाढवपणासुद्धा अगदी मन लावून करतो.

कॉम्प्युटर सुसाट झाला हे कबूल करतो. चार मिनिटांचं काम पन्नास सेकंदांवर आलं. त्यातलं श्रेय सलग फाइलींना किती आणि मी उडवलेल्या पंचवीस फुकट्या प्रोग्रॅमना किती, देव जाणे. आता सगळे सांगतात, एसएसडी का नाही घातलीस, तिच्यात फिरणारं काही नसतंच. बरोबर आहे. शहाणपण शिकवणारे नेहमी तिसऱ्या दिवशीच भेटतात.

तिसऱ्या दिवशीच मी ‘नंदू’ नावाचा फोल्डर उघडला. पापणी लवायच्या आत उघडला. फोटो आहेत. स्क्रिप्टची पानं आहेत, तुझ्या लाल पेनच्या खाडाखोडीसकट. तालमीचं रेकॉर्डिंग नाही.

कॅमेऱ्याच्या मिनी डीव्ही कॅसेटवरून उतरवलेलं होतं ते. तासाला १३ जीबी खातं. आपलं ४२ मिनिटांचं, म्हणजे नऊच्या आसपास.

फाइली परत मिळवून देणारे दोन प्रोग्रॅम रात्रभर चालवून पाहिले. क्विक फॉरमॅट केलं असतं तर फक्त यादी पुसली जाते, माल बराचसा जागेवर राहतो. पूर्ण फॉरमॅट मात्र, विंडोज व्हिस्टा आल्यापासून, या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहीत जातं. शून्याखालून काय काढणार?

खरं सांगू? नंदू गेल्यापासून आठ वर्षांत मी ते एकदाही लावलं नव्हतं. आहे आपल्याकडे, एवढ्यावरच निवांत होतो. आता रोज रात्री डोळ्यांसमोर चालू होतं. नंदू वाक्य विसरतो आणि प्रॉम्प्टरकडे न बघता तुझ्याकडे बघतो, आणि तू मुद्दाम तोंड फिरवतोस. घरात कुणाला सांगू हे? सगळे म्हणतात, एक फाइलच गेली ना.

आता तो विषय काढतोच. कॅसेट तू खिशात घातलीस तेव्हा मी म्हणालो होतो, ती तुझ्याकडे धूळ खाईल, माझी कॉपी कायमची आहे. तू म्हणालास, ‘तुझ्या त्या डब्यावर माझा काडीचा विश्वास नाही.’ त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. वहिनी मध्ये पडल्या म्हणून बरं. त्यानंतर मी फोन केला नाही, तूही केला नाहीस. तर घे, लेखी देतो: तू बरोबर होतास. लाल पेनानं अधोरेखित कर.

नवीन घर मोठं आहे म्हणे, उजेडही छान येतो असं वहिनींनी आईला फोनवर सांगितलं. पोरगी इंजिनीअर झाली, तिला शाबासकी सांग. पण विज्या, सामान हलवताना तो निळा पत्र्याचा डबा कुठे गेला? तू कॅसेट त्यातच ठेवायचास. माळ्यावर असेल तर आधी खाली काढ, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते.

सापडली तर लगेच कुठल्या कॅमेऱ्यात घालून बघू नकोस. कडेला एक छोटी सरकती पट्टी असते, ती ‘सेव्ह’कडे सरकव, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही रेकॉर्ड होणार नाही. फायरवायरवाला, म्हणजे कॉम्प्युटरला वायरनं जोडून कॅसेट उतरवता येईल असा, एक चालू कॅमेरा मी मिळवलाय, दुसऱ्या कॅसेटवर तपासूनही झालाय. या वेळी उतरवली की दोन डिस्कवर ठेवीन आणि तिसरी कॉपी तुझ्या हातात देईन. दोन्हीकडचे आकडे तू स्वतः ताडून बघ.

कुरिअर करू नकोस. मीच येतो घ्यायला. शनिवारी असशील घरी?

तुझा,
अव्या