आजोबा इंग्रजच आहेत, बाबा

शेफिल्ड,
रविवार, रात्री उशिरा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोन ठेवला तरी बाबांचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना, म्हणून लिहायलाच बसले. व्हिडिओ कॉल चालू असताना शेजारचे आजोबा मागच्या दारातून डोकावले, एक वाक्य बोलले आणि मी मान हलवल्यावर खुर्ची ओढून बसले. बाबा, तुम्ही एकदम गप्प झालात. मग हळूच विचारलंत, "हे गृहस्थ इंग्रजच आहेत ना?" मी खो-खो हसले. नको होतं हसायला. छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाला एका इंग्रजाचं एक वाक्य कळू नये, हे तुम्हाला किती लागलं असेल ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

आजोबा इंग्रजच आहेत, बाबा. सगळं आयुष्य इथल्या पोलादाच्या कारखान्यात गेलं. (आई, तुझ्या मांडणीवरच्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यांचं मूळ गावही हेच. हॅरी ब्रिअर्ली नावाच्या माणसाने १९१३ साली ते इथेच तयार केलं.) ते म्हणाले ते असं : "नाह देन, आर्ट दा मॅशिन?" यातलं 'नाह देन' म्हणजे 'नाउ देन', आणि तो इथला रामराम. त्यापुढे काही म्हणायचं असतंच असं नाही. 'मॅश' म्हणजे किटलीत चहा मुरवायला ठेवणं. थोडक्यात आजोबा म्हणाले, "काय गं, चहा टाकतेयस ना?" टाकत होतेच.

पण ते मधलं 'आर्ट दा' बघा. ते 'आर्ट दाऊ' आहे. नववीच्या कवितेत 'दाऊ', 'दी', 'दाय' आलं की तुम्ही खडू खाली ठेवून सांगायचात, "हे जुनं इंग्रजी, आता कोणी बोलत नाही, परीक्षेलाही येत नाही." मी तिसऱ्या बाकावर होते, मला आठवतंय. बोलतात, बाबा. माझ्या मागच्या दारात उभं राहून, हातात रिकामा कप घेऊन बोलतात.

आणि त्याची गंमत आपल्या माणसाला इथल्या दक्षिणेकडच्या लोकांपेक्षा लवकर कळते. शाळेत आपण शिकलो की इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, सगळे 'यू'. यॉर्कशरच्या, म्हणजे आमच्या या परगण्यातल्या, जुन्या माणसांना विचारा! 'दा' म्हणजे तू, 'यू' म्हणजे तुम्ही, आणि कोणी कोणाला काय म्हणावं याचे मानापमान आपल्यासारखेच. इथे एक जुनी दटावणी आहे : "डोन्ट दी दा मी! दी दा दिसेन, अँड सी हाउ दा लाइक्स इट." म्हणजे, मला अरे-तुरे करू नकोस, आधी स्वतःला करून बघ कसं वाटतं. 'दिसेन' म्हणजे 'दायसेल्फ'. आजोबांनी हे मला म्हणून दाखवलं तेव्हा मला आपल्या वाड्यातलं कडाक्याचं भांडण आठवलं. पहिलं वर्षभर ते मला 'यू'च म्हणत. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या दारातल्या बर्फाबरोबर मी त्यांच्या दारातलाही काढून टाकला, तेव्हापासून 'दा' सुरू झालं. मी त्याला बढती समजते.

इथून वीस-बावीस किलोमीटरवर बार्न्सली आहे. तिथले लोक शेफिल्डवाल्यांना 'डी-डा' म्हणून चिडवतात, कारण हे 'दी-दा'चा उच्चार 'डी-डा'च्या जवळ नेतात. परक्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं. नाशिक आणि निफाडच्या बोलण्यातला फरक मुंबईकराला कुठे कळतो!

आता माझी फजिती सांगते. फोनवर कधी सांगितली नव्हती, कारण तेव्हा तुम्ही काळजीत होतात आणि मी रोज "सगळं छान आहे" म्हणत होते. इथल्या हॉस्पिटलात कामाला आल्यानंतरचा तिसरा आठवडा. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा, त्यांना पहिल्यांदा उभं करायचं होतं. वॉकर पुढे घेतला तर ते म्हणाले, "आयम स्टार्व्ड, लुव." माझ्या पोटात कालवलं. पेशंट उपाशी! धावत जाऊन लोणी लावलेले दोन टोस्ट आणले. त्यांनी निमूटपणे एक खाल्ला, "टा", म्हणजे थँक यू, म्हणाले, आणि तोंड पुसून पुन्हा, "बट आयम स्टिल स्टार्व्ड." मी तिसऱ्या टोस्टच्या तयारीत, इतक्यात शेजारून जाणाऱ्या मदतनीस बाईंनी खिडकी लावली आणि त्यांच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं. 'स्टार्व्ड' म्हणजे थंडीने काकडलेला. मूळ शब्दाचा अर्थ मरणं असा होता. दक्षिणेत तो उपासमारीकडे गेला, इकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी थंडीकडे. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत लिसनिंगला मला नऊपैकी साडेआठ गुण होते, आणि मी काकडणाऱ्या माणसाला टोस्ट भरवत होते.

थंडीसाठी यांच्याकडे शब्दही किती! ज्याला जरा वाऱ्याने हुडहुडी भरते तो 'नेश'. मी नेश आहे हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. रुसून फुगून बसलेला माणूस 'मार्डी'. 'पुअर्ली' म्हणजे आजारी, पण डॉक्टर 'व्हेरी पुअर्ली' म्हणाले की घरच्यांना बोलवायची वेळ. 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत', त्यामुळे "नाइन व्हाइल फाइव्ह" अशी ड्यूटी असते. आणि आई, शेजारच्या आजोबांनी एकदा कागदी पिशवी पुढे करून विचारलं, "स्पाइस, लुव?" मला वाटलं, काळा मसाला मिळाला की काय यांना कुठे! आत लिमलेटच्या गोळ्या होत्या. इथे गोळ्या-पेपरमिंटला स्पाइस म्हणतात.

'लुव' लिहिलंय ती चूक नाही. इथे बस 'बुस' असते, कप 'कुप' आणि लव 'लुव'. तुम्ही हे उच्चार कापून लाल शाईने 'अ' करायला लावले असते. पण साधारण सतराव्या शतकापर्यंत सगळ्याच इंग्लंडात 'उ' होता. तो दक्षिणेत बदलला, उत्तरेने तो तसाच ठेवला. म्हणजे बिघडवला असेल तर लंडनने बिघडवला. आणि हे 'लुव' कोणीही कोणालाही म्हणतं, बसचा ड्रायव्हर पोलिसालासुद्धा. इथून जरा दक्षिणेला, चेस्टरफिल्डला गेलं की त्याचं 'डुक' होतं, म्हणजे बदक. न्यूकॅसलला 'पेट', ग्लासगोत 'हेन', आणि ब्रिस्टलकडे भाजीवाला 'माय लव्हर' म्हणतो. मे महिन्यात याल तेव्हा ब्रिस्टलला जायचा बेत आहे, बाबांनी आधीच मन घट्ट करून ठेवावं. पावाची नावं तर लिहीतच नाही. आमची 'ब्रेडकेक', मँचेस्टरची 'बार्म', नॉटिंगहॅमचा 'कॉब', सगळा एकच आपला वडापावचा पाव.

आता आपल्या गावाची गोष्ट. एका बाई पेशंटने नवऱ्याबद्दल सांगितलं, "ही हॅज गॉन डुलाली." डुलाली म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला. बाबा, डुलाली म्हणजे देवळाली. आपला देवळाली कॅम्प! मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी तिथल्या छावणीत ठेवत. जहाजं ठरावीक हंगामातच सुटायची, ती चुकली की महिनोन्‌महिने बसून राहायचं. काम नाही, वर ऊन आणि मलेरिया. त्यातल्या काहींची डोकी फिरायची, त्याला नाव पडलं 'डुलाली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला आणि नुसती डुलाली उरली. मी त्या बाईंना म्हटलं, "मी तिथलीच." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग इतक्या हसल्या की टाके दुखायला लागले. आता वॉर्डात नवीन कोणी आलं की माझी ओळख तशीच करून देतात. 'पका' म्हणजे पक्का, 'डेको' म्हणजे देखो, 'ब्लायटी' म्हणजे विलायती, हेही यांनी आपल्याकडूनच नेलं, पण माझा मान डुलालीमुळे.

ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले ती अजून राहिली आहे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी आमच्याकडे होत्या. तरुणपणी त्या 'बफर गर्ल' होत्या, म्हणजे काटे-चमचे चाकावर घासून चकाकी आणणाऱ्या. अंगावर ब्राउन पेपर गुंडाळून काम करायचो म्हणाल्या, इतकी घाण उडायची. माझ्याशी त्यांचं अखंड 'नाउट' आणि 'समॅट' चालायचं, म्हणजे काही नाही आणि काहीतरी. पण मोठे डॉक्टर राउंडला आले की आजी उशीला टेकून ताठ बसत आणि जपून, एकेक शब्द सुटा करत, "आय ॲम क्वाइट कम्फर्टेबल, थँक यू, डॉक्टर." डॉक्टर दाराबाहेर गेले की लगेच माझा हात धरून, "गुडघा ठणकतोय गं नुसता." मी विचारलं, मग त्यांना का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "नीट बोलता आलं नसतं मला." दुखणं नीट बोलता येत नाही म्हणून सांगायचं नाही!

बाबा, तुम्ही रात्री बीबीसी लावून आम्हाला उच्चार ऐकवायचात. त्याच बीबीसीने १९४१ साली, युद्धाच्या दिवसांत, हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्सना बातम्या वाचायला बसवलं. ते आपल्या यॉर्कशरी सुरात वाचत आणि उत्तरेकडच्यांना 'गुड नीट' म्हणत. लोकांनी तक्रारी केल्या, या आवाजात सांगितलेल्या बातम्या खऱ्या वाटत नाहीत म्हणून.

त्या आजींकडे बघताना मला दरवेळी आई दिसायची. आई, सटाण्याच्या मावशीचा फोन आला की तू स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचीस. आतून "काय करी राहिनी व माय?" ऐकू यायचं, आणि तुझा तो आवाज मोकळा, जरा चढा, हसरा. मी पाणी प्यायला आत आले की तू तिथल्या तिथे सूर बदलायचीस. पहिलीत असताना मी शाळेत बाईंना "कथा चालनी?", म्हणजे कुठे चाललीस, असं विचारलं होतं, आणि संध्याकाळी बाबा तुला म्हणाले होते, पोरीची भाषा बिघडवू नकोस. त्यानंतर तू माझ्याशी अहिराणीत एक शब्द बोलली नाहीस. बाबा, तुमच्यावर राग नाही. तुम्हालाही कोणीतरी असंच सांगितलं असणार. पण मला आज बार्न्सलीची बोली समजते आणि आईची अर्धीसुद्धा येत नाही, याचं काय करू?

एक सुचलंय. १९५० ते १९६१ या काळात लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी इंग्लंडातल्या ३१३ ठिकाणी बोलींचे शब्द टिपायला माणसं पाठवली होती. तेराशेच्या वर प्रश्न घेऊन ती खेड्यातल्या म्हाताऱ्यांकडे जात. गोठ्यात, चुलीपाशी बोट दाखवून विचारत, "याला तुम्ही काय म्हणता?" शब्द स्वतः उच्चारायचा नाही, हा नियम. आई, मे महिन्यात तू इथे आलीस की मी तसंच करणार आहे. माझ्या ओट्यावरच्या एकेका वस्तूकडे बोट दाखवीन, तू सांगायचंस. बाबांनी वहीत लिहून घ्यायचं, लाल शाई न वापरता. आजोबांनाही बोलवीन, ते त्यांचा शब्द सांगतील. चहा मी टाकीन.

तोवर 'नेश'ला अहिराणीत काय म्हणतात ते मावशीला विचारून कळव. आणि येताना काळा मसाला अर्धा किलो तरी आण. घट्ट डब्यात, गेल्या वेळी सगळी बॅग माखली होती.

तुमची आंडेर