खानखोजेंची अर्धीच गोष्ट का सांगायची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे शिवारफेरीला कृषी पदविकेची पंधरा-वीस मुले आली होती. हरभऱ्याच्या धुऱ्यावर बसून डबे उघडले, तेव्हा मी सहज विचारले, ‘पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव ऐकले आहे का रे?’ एकाच मुलाचा हात वर झाला. ‘गदर पार्टी,’ तो म्हणाला. मग पुढे? पुढे त्यालाही काही ठाऊक नव्हते. दोष त्याचा नाही. आपणच खानखोजेंची गोष्ट अर्ध्यावर सोडत आलो आहोत, आणि ती शेतीच्या मुलांनी तरी पुरती ऐकायला हवी.

वर्ध्याचा हा तरुण टिळकांच्या विचारांनी भारला आणि ऐन विशीत घर सोडून जपानमार्गे अमेरिकेला पोचला. तिथे त्याने लष्करी शिक्षण घेतले, तसे शेतीशास्त्रही. १९१३ मध्ये गदरची, म्हणजे अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांच्या संघटनेची उभारणी झाली, तेव्हा लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्याबरोबर खानखोजे होते. पहिल्या महायुद्धात इराणात ते इंग्रजांच्या फौजेशी लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. येवढे आपल्या पुस्तकांत थोडेफार सापडते.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्यावर, मक्याच्या रानटी भाऊबंदांशी केलेल्या संकरावर, गव्हावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची दुसरी धडपड. शेतकरी संघटनांना सोबत घेऊन त्यांनी खेड्यांत मोफत शेतीशाळा काढल्या. ज्याला चापिंगोची पायरी कधी चढता आली नसती, त्याच्या गावात शाळाच चालत गेली. त्यांतल्या एका शाळेला मेक्सिकोचा शेतकरी क्रांतिनेता एमिलियानो झापाटाचे नाव होते. तीना मोदोत्ती यांनी या कामाची छायाचित्रे काढली आहेत. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी तर मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर खानखोजेंनाच रंगवले: भोवती माणसे बसलेली, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई, आणि मध्यभागी आपला वर्ध्याचा माणूस सर्वांसाठी भाकरी मोडतो आहे. त्या चित्राची छापील प्रत मी घरात लावली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

बंदूक खाली ठेवून त्यांनी शेती धरली, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. गुलामी कोणाच्या पोटावर उभी असते, हे कळलेल्या माणसाची ती एकच लढाई होती.

आणि १९४७ नंतर काय झाले? देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परत येण्याची परवानगी मागितली, तर आधी ती नाकारली गेली. कारण इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. यादी करणारे गेले, यादी तशीच राहिली! हे आठवले की आजही पोटात कालवते. पुढे नकार मागे घेतला गेला. १९५५ मध्ये ते कायमचे परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात वारले.

२०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला, आनंद वाटला. इकडे मात्र पुतळ्याआधी दोन कामे व्हावीत. कृषी पदविकेच्या अभ्यासक्रमात त्यांच्या शेतीशाळांवर एक धडा यावा. आणि त्यांचे स्पॅनिशमधले शेतीविषयक लेखन आपल्या कृषी विद्यापीठांनी मराठीत आणावे. कोरडवाहू शेतकऱ्याला काय, कसे आणि कोणत्या भाषेत शिकवायचे, याचा विचार त्या माणसाने परमुलखात बसून केला होता.

ते मराठीत आले, तर आमच्या गावच्या पारावर संध्याकाळी वाचन सुरू करायला मी तयार आहे. दिवा आहे, सतरंजी आहे, ऐकणारेही आहेत.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक,
हिंगणघाट, जि. वर्धा