मंत्रिमहोदय, मुलाची नोंद झाली, पुढे काय?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी नाशिकला सिडकोत राहते. आपण कामाच्या व्यापात असाल याची जाणीव आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलंय. जमेल की नाही सांगता येत नाही.

पत्रास कारण की, गेल्या सोमवारी मुलाला घेऊन गेले तर शहरातल्या ज्या सरकारी केंद्रात आम्ही स्पीच थेरपीला जातो, तिथल्या खोलीला कुलूप होतं. बाहेर बाकावर आमच्यासारखेच चार-पाच पालक बसलेले. त्यातलं एक जोडपं सुरगाण्याकडून पहाटेच्या एसटीनं आलेलं, कडेवरची मुलगी झोपलेली. शिपायाला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. नवीन ऑर्डर आली की कळवू.’ कळवणार कसं, आमचे नंबर तरी लिहून घ्या म्हटलं, तर म्हणे रजिस्टर मॅडमच्या कपाटात आहे आणि कपाटाची चावी मॅडमकडे.

याच केंद्राच्या एका शिबिरात, व्यासपीठावरून, माइकवरून जाहीर झालं होतं की आता इथे कायमस्वरूपी वाचा-उपचारतज्ज्ञ मिळणार, आणि एक नाही, दोन. टाळ्या पडल्या. मांडीवरचं पोर सावरत मीही वाजवल्या. दोन यायच्या राहिल्या बाजूला, होत्या त्या एकही गेल्या.

कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणजे काय होतं, ते फायलीत दिसत नसेल, म्हणून सांगते. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्याच्या वयाची मुलं ‘आई पाणी दे’, ‘बाबा गेले’ असं जोडून बोलतात. वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडी, एवढं तर व्हायला हवं असं सगळेच डॉक्टर सांगतात. माझ्या पोराकडे मोजून दहा-बारा शब्द, त्यातले निम्मे फक्त मला कळतात. ‘बू’ म्हणजे पाणीही आणि बसही. कान तपासून झाले, ते ठीक आहेत. झोपेचं औषध देऊन डोक्याला वायरी लावून ऐकण्याची ‘बेरा’ नावाची तपासणी केली, तेव्हा मी बाहेर उभी राहून देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मॅडमनी एक खेळ शिकवला होता. मुरमुऱ्यांचा पारदर्शक डबा घट्ट झाकण लावून त्याच्यापुढे ठेवायचा आणि आपण गप्प बसायचं. सुरुवातीला तो डबा आपटायचा, रडायचा, माझा हात धरून झाकणावर नेऊन ठेवायचा. जणू माझा हात म्हणजे सांडशी. मी थांबायचे. सासूबाई आतून ओरडायच्या, ‘अगं देऊन टाक की, पोराला कसलं छळतेस!’ तरी थांबायचे. मग एका दुपारी त्यानं झाकणावरची नजर उचलली, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, ‘दे.’ मी डबा उघडायला गेले आणि निम्मे मुरमुरे फरशीवर. तो ते वेचून खात होता आणि प्रत्येक दाण्याला ‘दे, दे’ करत होता. मॅडम म्हणाल्या, झकास, आता ‘दे’वरून ‘आई दे’वर जायचं. ते आता कोण नेणार? शिपाई?

आपल्याला वाटेल, मुलगे उशिरा बोलतातच. हे मला आमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं सांगून झालंय. माझा नवरा म्हणे चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता आणि आता बघा, थांबत नाही. वेखंड उगाळून मधातून जिभेवर लावून झालं. पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घाला म्हणून मावससासूबाईंनी थेट निफाडहून पेरू पाठवला. तो पोपटानं उष्टावला होता की खारीनं, कोण जाणे. आणि शेवटी सगळं येऊन ठेपतं ते आईवर. मोबाइल दिलास का? टीव्हीपुढे बसवतेस का? पोटात असताना घरात बोलायचीस ना नीट? बापाला यातलं एकही कुणी विचारत नाही. अंबडला कंपनीत पॅकिंगला जायचे, ते काम मी सोडलं, तेव्हाही ‘आधीच सोडायला हवं होतंस’ हेच ऐकलं.

उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं आपोआप बोलायला लागतात, हे खरंच आहे. पण ती कोणती आणि मागे राहणारी कोणती, हे अंगणात खेळताना बघून ओळखता येत नाही. कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असतो, कुणाचं नुसतंच बोलणं लांबतं. ते जाणकारानं बसून बघावं लागतं, आणि लहानपणीच बघावं लागतं. मेंदू भाषा पकडतो तो काळ हाच. पुढचं आर्थिक वर्ष लागेपर्यंत तो थांबत नाही, साहेब. तुमच्या पदभरतीची जाहिरात निघते, मग न्यायालयात जाते, मग आचारसंहिता लागते, आणि तोवर पोर पहिलीत जाऊन मागच्या बाकावर बसलेलं असतं.

आणि माझ्या मुलाची अडचण सरकारला माहीत नाही, असंही नाही. सरकारनंच ती शोधून काढली! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाचा तुमचा कार्यक्रम आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये देशभरासाठी तो सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी, 30 प्रकारचे आजार आणि दोष, त्यात बहिरेपण आहे, भाषेचा विलंब आहे, स्वमग्नता आहे. आमच्या अंगणवाडीत ते पथक आलं. त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला चेंडू दाखवला, नावानं हाक मारली, मला दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, ताई, याला पुढे दाखवा. बाई देवासारखी भेटली. कार्डावर नोंद झाली, चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीवर जिथे पाठवलं तिथे कुलूप. मग शोधता कशाला? ज्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, तिथे निदान रात्रीची झोप तरी लागत होती.

खासगीत जा म्हणाल. गेलो. गंगापूर रोडला एका ठिकाणी पाऊण तासाचे सहाशे, दुसरीकडे आठशे. आठवड्यातून दोनदा तरी हवं, म्हणजे महिन्याला पाच-सहा हजार. नवऱ्याच्या हातात कंपनीतून अठरा हजार येतात, त्यातून घरभाडं. जीवनदायी योजनेचं, आता महात्मा फुले जन आरोग्य म्हणतात तिचं, कार्ड आहे की! आहे, पिशवीतच आहे. पण ते चालतं इस्पितळात ऑपरेशन किंवा मोठे उपचार करायचे असतील तर. माझं पोर पलंगावर झोपत नाही, सतरंजीवर बसून फुगे फोडतं, त्यामुळे त्याचा उपचार हा उपचार धरला जात नाही. केंद्राची ‘निरामय’ विमा योजना आहे, लाखभरापर्यंतची, तिच्यात थेरपीसुद्धा बसते. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. आमच्या कागदावर अजून नुसतंच ‘भाषाविकासात विलंब’ आहे. एका कार्यालयात खिडकीवरचा माणूस मला म्हणाला, ‘ताई, ऑटिझम निघाला की या.’ कुणाच्या आईला असं म्हणावं का हो? त्या रात्री मी खरंच मनात म्हणाले, निघू दे एकदाचा. तुमच्या योजनांनी आईला कुठे आणून ठेवलंय, ते एवढ्यावरून बघा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मी मोबाइलवर वाचला. 21 प्रकारांत ‘वाचा व भाषा दिव्यांगता’ असं ठसठशीत लिहिलेलं पाहून जीव भांड्यात पडला. पुढची ओळ वाचली तर ती कायमस्वरूपी हवी, स्वरयंत्र काढून टाकल्यानं किंवा मेंदूच्या विकारानं वाचा गेल्यामुळे वगैरे. म्हणजे आज उपचार मिळाला तर माझा मुलगा दिव्यांग होणार नाही, आणि दिव्यांग झाल्याशिवाय त्याला काही मिळणार नाही. त्याच कायद्याच्या कलम 25 मध्ये सगळ्या मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी करून धोक्यातली मुलं शोधा असंही म्हटलंय. ते मात्र तुम्ही मन लावून करता. शोधता, आणि सोडून देता.

ही काही माझ्या एकटीच्या घरची रड नाही. दोन वर्षांच्या शंभर मुलांत दहा-पंधरा मुलं उशिरा बोलणारी असतात, मुलगे जास्त. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 61 लाख होती, आता किती असेल ते तुमचं तुम्ही बघा. वर्षाला लाखभर बाळं जन्मतात असं धरा, फार वाटत असतील तर ऐंशी हजार धरा. त्यातली दहा टक्के म्हणजे आठ हजार. दर वर्षी आठ हजार घरांत कुणीतरी पेरू शोधतंय. आणि पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या माणसाला जायचं तर नाशिकलाच, आणि नाशिकला कुलूप. गंमत अशी की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आमच्याच म्हसरूळला आहे. वाचा-उपचाराची पदवीही तेच देतं. पदव्या इथून निघतात, पदवीधर मात्र इथे टिकत नाहीत.

टिकतील कशाला? अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर कोण टिकेल? मी मॅडमना दोष देत नाही. त्या पुण्याला खासगीत गेल्या असं ऐकलं, आणि मी त्यांची बहीण असते तर मीही हेच सांगितलं असतं, जा बाई. 2025 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी राज्यभर बेमुदत संपावर बसले होते, ते काही हौस म्हणून नव्हे. लस देणारी कंत्राटी, रक्त तपासणारा कंत्राटी, मुलाला बोलायला शिकवणारी कंत्राटी. कायम काय, तर उद्घाटनाची कोनशिला.

आमच्या शहरात सध्या जे चाललंय ते आपण पाहत असालच. 2027 चा सिंहस्थ येतोय. हजारो कोटींचे आकडे रोज पेपरात वाचते, रोज नवा. रस्ते खणून ठेवलेत, द्वारका चौकात रिक्षा अर्धा अर्धा तास हलत नाही, पोर कडेवर रडून लाल होतं. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची की नाही यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. भांडावंच. कुंभाला माझा विरोध नाही, पर्वणीला रामकुंडावर मीही जाईन. पण काही आठवड्यांच्या पाहुण्यांसाठी ज्या सरकारला वर्षानुवर्षं आधी नियोजन सुचतं, त्याला अडीच वर्षांच्या पोरासाठी एका बाईचा पगार आधी सुचू नये? आणि हे जिल्ह्यात विचारायचं कुणाला? 18 जानेवारी 2025 ला पालकमंत्र्यांची यादी आली, दुसऱ्या दिवशी नाशिक आणि रायगडला स्थगिती. का, तर तुमच्यात वाटणीवरून जमेना. इतके पुढारी या जिल्ह्याचे पालक व्हायला भांडले! त्यातल्या एकानं तरी त्या बाकावर येऊन अर्धा तास बसून दाखवावं.

मागायचं फार नाही. त्या खोलीत माणूस बसवा, कायम नेमणुकीचा, आणि तो येईपर्यंत आरोग्य विद्यापीठाशी बोलून शिकाऊ मुलंमुली तरी पाठवा. मालेगाव, कळवण, सुरगाणा इथे आठवड्यातून एक दिवस तरी तज्ज्ञ जाऊ द्या. अंगणवाडीत मुलाचं वजन-उंची मोबाइलवर भरतात, तसं ते बोलतं का, हाकेला वळतं का, बोटानं दाखवतं का, हेही भरायला लावा. आणि सेविकांवर आणखी एक काम टाकताना त्यांचं मानधनही वेळेवर द्या. थेरपीचा खर्च जीवनदायीत घ्या. हे पैशांअभावी होत नाही असं कृपया सांगू नका, मी द्वारकेवरूनच येते-जाते.

केंद्राच्या बाहेर भेटलेल्या पालकांचा आम्ही एक ग्रुप केलाय. सुरगाण्याच्या त्या ताईकडे साधा फोन आहे, तिला मी फोन करून सांगते. येत्या महिनाअखेरपर्यंत कुलूप निघालं नाही, तर आम्ही सगळे मुलांना घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात सतरंजी टाकून बसणार आहोत आणि तिथेच थेरपी घेणार आहोत. आम्हाला जेवढी येते तेवढी. मुरमुरे आम्ही आणू.

आपली,
एक आई
सिडको, नाशिक

ता. क. : उत्तर द्याल तर तारीख घालून द्या. ‘उचित कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात येत आहे’ असं एक पत्र आमच्याकडे आधीचंच आहे. कुठे वर्ग केलं ते त्यात लिहिलेलं नाही.