ताई, हजेरी घेताना तुम्ही थांबलात

ख्रिस्तात प्रिय ताई,

सलाम.

हे पत्र तुमच्या एकटीच्या हातात देता आलं असतं. पण आमच्या आधीच्या चर्चमध्ये माझ्या मुलाला भर उपासनेतून उठवलं गेलं ते सगळ्या मंडळीसमोर. मग त्याला ज्यांनी जवळ केलं त्यांचे आभारही उघडपणेच मानायला हवेत.

तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. शब्बाथ शाळेतला, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गातला, त्याचा पहिला दिवस. तुम्ही वही उघडून हजेरी घेत होतात. तो बोलत नाही हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, तरी तुम्ही त्याचं नाव पुकारलंत आणि थांबलात. त्याच्या वतीने उत्तर द्यायची सवय झालेली त्याची बहीण तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही हातानेच तिला खूण केलीत. मुलं चुळबुळ करू लागली. तुमची नजर त्याच्यावरच होती, आणि त्या नजरेत घाई नव्हती. शेवटी त्याने तळहात जमिनीवर आपटला. तुम्ही "हजर" म्हणालात, वहीत खूण केलीत आणि पुढचं नाव घेतलंत.

टाळ्या नाहीत, कौतुक नाही, "बिचारा" नाही. इतरांची हजेरी जशी लागली तशीच त्याचीही लागली. मागे दाराशी उभ्या असलेल्या मला त्या क्षणी किती रडू आलं ते कसं सांगू!

कारण आधीच्या मंडळीच्या नोंदवहीतही त्याचं नाव होतंच की. तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. पाळकांनी विचारलं, या बाळाला विश्वासात वाढवायला तुम्ही साहाय्य कराल का? सगळे उभे राहिले आणि एका आवाजात हो म्हणाले. तो लहान होता तोवर त्याच लोकांनी त्याला या हातातून त्या हातात फिरवलं. पुढे तो मोठ्याने ओरडू लागला, संदेश चालू असताना मधूनच धावू लागला, तेव्हा त्यांच्यापैकीच एक वडीलधारे येऊन म्हणाले, "याला घेऊन बाहेर बसत जा, लोकांची भक्ती मोडते." देवासमोर दिलेला शब्द ज्यांनी मोडला, त्यांना आमच्या लेकराच्या आवाजाने भक्ती मोडल्याचं दुःख होतं! कुणी तर आमच्या कोणत्या पापाचं हे फळ, असंही विचारलं. येशूच्या शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हाच प्रश्न विचारला होता. पाप याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही, असं येशूने तिथेच सांगून टाकलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात ते आहे, आणि विचारणाऱ्यांनी तो अध्याय वाचलेला होता.

त्या दिवसांत मी मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा पुन्हा वाचायची. लोक बाळकांना येशूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात. हा प्रसंग मत्तय आणि लूकही सांगतात, पण येशूला राग आला हे मार्कच लिहितो. त्या रागाने मला धीर दिला. बाळकांना येऊ द्या, असं शांतपणे म्हणणारा येशू मला लहानपणापासून चित्रांतून ठाऊक होता; लेकरांना अडवलं म्हणून आपल्याच माणसांवर रागावणारा येशू आईला जास्त जवळचा वाटतो. आणि एक गोष्ट बघा. त्या साऱ्या प्रसंगात एकही मूल एक शब्दही बोलत नाही. कुणी वचन पाठ म्हणून दाखवत नाही, कुणी विश्वासाची कबुली देत नाही. लूक तर तान्ह्या बाळांचा उल्लेख करतो. येशू त्यांना कवेत घेतो, डोक्यावर हात ठेवतो, आशीर्वाद देतो. माझ्या मुलाला याहून वेगळं काय हवं होतं?

मुलं म्हणजे उद्याची मंडळी, असं व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकलं आहे. मला ते पटत नाही. आपल्यात मोठा कोण यावर शिष्य वाद घालत होते, तेव्हा येशूने एका बाळकाला घेऊन त्यांच्या मधोमध उभं केलं. ते मूल पुढे मोठं होऊन काय होणार, हे त्याने विचारलं नाही.

रोमी साम्राज्यात नको असलेलं बाळ उघड्यावर टाकून देत असत; व्यंग असलेल्यांच्या वाट्यालाही ते येई. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला उद्देशून लिहिताना ठणकावून सांगितलं की हे दुष्ट कृत्य आहे. इतका जुना वारसा आहे आपला. आणि तो टिकला तो मोठमोठ्या सभांपेक्षा तुमच्यासारख्या माणसांमुळे, ज्यांना भलेपणा दाखवावा लागत नाही, तो त्यांच्या वागण्यातच असतो. अशी माणसं ज्या मंडळीत असतात तिथे थकलेल्या आईबापांना दारातूनच कळतं.

आता घरी संध्याकाळच्या प्रार्थनेआधी मुलगी तुमच्यासारखीच सगळ्यांची नावं घेते. त्याचं नाव घेतलं की थांबते. त्याच्या वतीने बोलणं तिने सोडून दिलं आहे. कधी तो लगेच हात आपटतो, कधी फार वेळ लावतो, कधी आपटतच नाही. मग ती त्याच्याजवळ जाऊन बसते आणि आम्ही प्रार्थना सुरू करतो. त्याच्या वडिलांनी मंडळीत जाणंच बंद केलं होतं. हल्ली रविवारी सकाळी त्याला तयार करतात ते तेच.

एक विनंती आहे. तुमच्या वर्गात मुलं वाढली आहेत आणि तुम्ही एकट्या आहात. मला मदतनीस म्हणून घ्या. शिकवायचा अनुभव मला नाही, पण धावणाऱ्या मुलामागे धावायची सवय आहे, आणि ओरडण्याने मी दचकत नाही. तुम्ही हो म्हणालात तर येत्या रविवारपासूनच येते.

ख्रिस्तात तुमची बहीण,
तुमच्या वर्गातल्या एका मुलाची आई