कुंभारणीच्या मडक्यात काय असतं?

मा. संपादक,
स. न.

दिवाळीची साफसफाई निघाली की खिडकीच्या चौकटीतली कुंभारीण माशीची मातीची घरटी आधी खरवडली जातात. 'डसते' आणि 'घाण करते' हे तिच्यावरचे दोन आरोप. आमच्याकडेही उलथनं घेऊन हे काम मीच करायची. यंदा पाय मोडल्याने दीड महिना त्याच खिडकीशी बसून काढला, म्हणून पाहणं झालं.

ओल्या मातीची मसुरीएवढी गोळी जबड्यात धरून ती यायची आणि कडेकडेने फिरत पातळ थर द्यायची. होता होता संक्रांतीच्या सुगडासारखं, गळा बाहेर वळवलेलं इवलंसं मडकं झालं. त्यात पोटाचं टोक घालून ती जरा थांबली. मग एकेक हिरवी अळी आणून आत कोंबली आणि तोंड लिंपून टाकलं. "केवढी अधाशी!" असं मी सुनेला म्हणालेसुद्धा. पण ती स्वतः फुलांतला मध पिते. अळ्या होत्या पिल्लासाठी; अंडं तिने आधीच घातलं होतं. त्या मेलेल्याही नसतात, डंख मारून लुळ्या केलेल्या असतात, म्हणजे पिल्लाला शिधा ताजा मिळतो.

आत गेली अळी, बाहेर आली माशी. एवढंच दिसल्यामुळे कुंभारणीचा ध्यास घेऊन अळीच कुंभारीण होते, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानलं गेलं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंत ती आहे. (कीर्तनात हा दृष्टान्त आला की माझे डोळे आजही भरतात, ते वेगळं.) जुन्या लोकांना हसावं तरी कसं? मधलं सगळं अंधारात घडत होतं.

आणि मी काय दिवे लावले? एका सकाळी मडक्याला भोक पडलं आणि निळी-हिरवी, पैठणीच्या पदरासारखी झगमगणारी माशी बाहेर आली. कुंभारणीचं बाळ आलं म्हणून नातवाला हाका मारल्या. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या भाचीला फोटो पाठवला, तर ती म्हणते, "मावशी, ही तिची लेक नव्हे. ही कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणारी. हिच्या अळीने कुंभारणीचं पिल्लू खाल्लं!"

शेजारचं दुसरं मडकं अजून बंद आहे. सोमवारी रंगारी येतोय. तेवढी चौकट सोडून रंग मार, असं त्याला बजावलंय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाई