कोळ्याला झुरळांच्या रांगेत बसवू नका

संपादक महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घर किडामुंगीपासून मोकळं कसं ठेवावं यावर पानभर मजकूर होता. झुरळं, मुंग्या, ढेकूण, वाळवी इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण त्याच चौकटीत पाचवा नंबर कोळ्याचा आणि त्याच्यापुढे एकच वाक्य: दिसताक्षणी फवारा मारा. ते पान आमच्या सूनबाईंनी चित्र आत जाईल अशी घडी घालून माझ्या मशीनवर आणून ठेवलं. 'आई, आता तर पेपरातच आलंय.'

भांडण आधीपासून चालू होतं हे आपल्या ध्यानात आलंच असेल.

मी घरी शिवणकाम करते, पस्तीस वर्षं झाली. मशीनच्या वर, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात एक कोळीण आहे. शरीर बाहीच्या बटणाएवढंसुद्धा नाही, पाय मात्र रिळातून सुटलेल्या धाग्यासारखे लांबलचक. मी काही कोळीप्रेमी वगैरे नाही. मान खाली घालून शिवताना मानेवर सुटा धागा हुळहुळला तरी मी कोळी समजून ताडकन उठते. पण ही कोळीण मी राहू दिली आहे, आणि त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी एका रात्री न्हाणीघराच्या दारामागे दुसऱ्याच जातीचा कोळी दिसला. तळहाताएवढा, चपटा, तपकिरी. पोटाखाली पांढरं गोल काहीतरी धरलेलं. माझी बटणं घरभर सांडलेली असतात, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं, कोटाचं बटण उचललं की काय याने! मी ओरडले, हे आले. ह्यांचा उपाय चपलेचा. एका फटक्यात काम झालं.

सकाळी केर काढताना ते बटण सुपलीत आलं. चिमट्याने उचलून बघितलं तर कापड! कॅनव्हासपेक्षा घट्ट, कडेने नीट बंद केलेलं, कुठे टाका दिसेल तर शपथ. आत बारीक मण्यांसारखी अंडी, मोजवणार नाहीत इतकी. शेजारी ती, आठही पाय आत ओढून घेतलेली, चुणीचा दोरा ओढल्यावर कापड गोळा होतं तशी. पुढे वाचलं की कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय लांब करणारे स्नायूच नसतात. अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय सरळ राहतात, जीव गेला की दाब गेला आणि पाय मिटले. माझी आजी कोळ्याला कातीण म्हणायची. हा मोठा कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाही, रात्री भिंतींवर फिरून झुरळं पकडतो. एवढं सुबक कातकाम त्याने केलं होतं ते पिल्लांसाठी. ह्यांना दाखवलं, तर म्हणाले, 'अरेरे.' ह्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

त्या रात्रीनंतर महिनाभर न्हाणीघरात झुरळं वाढल्यासारखी वाटली. हा माझा हिशेब, शास्त्र नव्हे. पण २०१७ साली दोन संशोधकांनी जगभरातल्या कोळ्यांचा अंदाज मांडला होता: वर्षाला चाळीस ते ऐंशी कोटी टन भक्ष्य ते फस्त करतात, त्यात बहुतेक कीटकच. एका चपलेने त्यात काय फरक पडणार म्हणा. माझ्या न्हाणीघरात मात्र पडतो.

आता आपल्या मजकुरातल्या चुकांबद्दल. कोळी कीटक नाही. कीटकाला सहा पाय, याला आठ. पंख नाहीत, मिशा नाहीत. विंचू आणि गोचीड हे त्याचे भाऊबंद. झोपेत माणसाच्या पोटात वर्षाला आठ कोळी जातात, हेही आपण छापलंत. ही लोणकढी थाप आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास, घोरणं, छातीची धडधड सगळं त्याला पायांतून कळतं. घोरणाऱ्याच्या तोंडात शिरायला तो काही खुळा नाही. (आमच्याकडे जे घोरणं चालतं त्याने तो घर सोडून गेला नाही, हेच विशेष.)

आणि अंगावर 'कोळी मुतला' म्हणतात, त्याबद्दल. माझ्या एका गिऱ्हाईक बाईंच्या मानेवर पट्ट्यासारखे फोड उठले. त्यांनी घरातला एकूणएक कोळी मारला. डॉक्टरांनी सांगितलं, दिव्याला येणारा तांबडा-काळा बारका भुंगेरा मानेवर चिरडला गेलाय, त्याच्या अंगातल्या रसाने भाजलंय. फोड बरे झाले. कोळी मेले ते मेलेच.

विष जवळजवळ सगळ्या कोळ्यांना असतं, हे खरं. आतापर्यंत पन्नास हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, त्यातल्या माणसाला खरोखर घातक अगदी थोड्या. पण दुखेल असा चावा मोठा कोळी घेऊ शकतो, विशेषतः मुठीत दाबला तर. म्हणून हाताने पकडायच्या फंदात मी पडत नाही. रुंद तोंडाचा पारदर्शक डबा वरून ठेवायचा, खालून जाड कागद सरकवायचा. माझ्याकडे ब्लाउजच्या मापांचे पुठ्ठे आहेत, ते उत्तम चालतात. पाठीच्या मापाचा सगळ्यात चांगला. मोठा कोळी असला तर बाहेर सोडते. लांब पायांचा असला तर माळ्यावर, कारण ही जात घराच्या आडोशालाच रुळलेली असते. तिला उघड्यावर टाकणं म्हणजे हाकलून मारणंच.

जळमटं मी काढते. धूळ बसून काळी पडलेली, लोंबणारी जाळी बहुधा सोडून दिलेली असतात, त्यांत कोणी राहत नाही. आणि जाळ्यात अडकलेले ते फिकट, पोकळ 'मेलेले कोळी' दिसतात ना, ती बऱ्याचदा नुसती कात असते. अंगरखा आखूड झाला, टाकला, नवा घातला.

पण हे पत्र खरं तर सूनबाईंसाठी आहे. तिला मी वरचं सगळं सांगून झालं. भाऊबंद सांगितले, टनांचे आकडे सांगितले. काडीचा उपयोग नाही. कोळी दिसला की तिचे हात गार पडतात, दरदरून घाम फुटतो, त्या खोलीत ती दिवसभर पाऊल टाकत नाही. मी आधी हसायचे. 'एवढीशी ती कोळीण, तुला काय खाणार आहे?' आता हसत नाही. मला येते ती किळस, तिला वाटते ती भीती, आणि दोन्ही एकाच मापाने बेतता येत नाहीत. सहा महिन्यांच्या बाळांना फुलांची, पाण्यातल्या माशांची आणि साप-कोळ्यांची चित्रं दाखवली, तर साप-कोळी बघताना त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या. हा प्रयोगही २०१७ चाच. बाळ तेव्हा घाबरलेलं असतं असं नाही, पण सावध होतं. ज्याने अजून बोलायला तोंड उघडलं नाही त्याला ही सावधगिरी कोणी शिकवली असेल? मग सुनेला भित्री म्हणणारी मी कोण!

अशा भीतीवर उपचार आहेत, हे मात्र आपल्या पानात कुठेच नव्हतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-यॉरान ओस्ट यांनी १९८९ साली मांडलेली पद्धत तर एकाच बैठकीची, फार तर तीन तासांची. तज्ज्ञ सोबत बसतो, आणि भ्यायलेला माणूस आपल्या राजीखुशीने, पायरी पायरीने कोळ्याजवळ जातो. बळजबरी नाही, अंगावर टाकणं तर नाहीच. चौकटीत फवाऱ्याऐवजी ही माहिती असती, तर आमच्या घरात ती जास्त उपयोगी पडली असती. पुढच्या रविवारी चौकटीत दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे.

मशीनवरच्या कोळिणीचं सांगायचं राहिलं. दहा दिवसांपूर्वी तिने अंडी घातली. हिची तऱ्हा निराळी, पिशवीबिशवी नाही. चार-दोन तारांनी अंड्यांचा पुंजका बांधला आणि तोंडात धरला. मी शिवताना टाचण्या ओठांत धरते, अगदी तशी. भिंग लावून मोजली, तेवीस भरली. फुंकर घातली की ती अशी गरगर हलते की आकारच दिसेनासा होतो, पण पुंजका सोडत नाही.

सूनबाई उंबऱ्याच्या आत येत नाही. पण काल दारातूनच विचारलं, 'आई, आहे का अजून ती?'

'आहे.'

'फुटली का अंडी?'

'नाही गं अजून. आठवडाभर लागेल.'

थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, 'माझ्या ब्लाउजचं माप तुम्ही बाहेर येऊनच घ्या.'

आपली नम्र,
घरी शिवणकाम करणारी एक वाचक